लॉगिन होते, फाइलींची यादी येत नाही: वीज गेली की रुसणारे एफटीपी

मिरगाचा पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोव्यातल्या साखळी गावाहून फोन येतो. "दादा, परत तेच. नाव घेतं, पासवर्ड घेतं, आणि मग नुसतं बसून राहतं." ताई डीटीपी करते. तिने लावलेली पाने कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये जातात, आणि त्या प्रेसच्या संगणकांची भानगड माझ्या गळ्यात आहे. जत्रेची पत्रके, उत्सवी नाटकांची हँडबिले, एखाददुसरा दिवाळी अंक अशी सगळी कामे याच वाटेने जातात. गेल्या वर्षी चवथ दहा दिवसांवर असताना आरत्यांच्या पुस्तिकेची पाने अशीच अडकली. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन एका पोराला भर पावसात स्कूटरवर धाडावे लागले. तो भिजला, पेनड्राइव्ह वाचला.

प्रकार दरवेळी एकच. प्रेसमध्ये फाइली ठेवायला नेटवर्कला जोडलेली एक पेटी आहे आणि ती एफटीपीने, म्हणजे संगणकांमध्ये फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, बाहेरून उघडते. ताईच्या फाइलझिलात (एफटीपीने फाइली पाठवायच्या प्रोग्राममध्ये) जोडणी लागते, लॉगिन मंजूर होते, मग वीस सेकंद शांतता, आणि शेवटी तांबड्या अक्षरांत 'यादी मिळवता आली नाही'. प्रेसमधल्या माणसांना मात्र काहीच जाणवत नाही, कारण ते तोच फोल्डर विंडोजच्या शेअरिंगमधून उघडतात. त्यामुळे त्यांचे ठाम मत, "आमच्याकडे सगळं चालू आहे, तिचंच नेट खराब."

मी काय करायचो तेही सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. राउटर बंद-चालू. पेटी बंद-चालू. तेवढ्याने भागले नाही की कुंडईला जाऊन पेटीतले एफटीपीचे पान पुसायचे आणि सगळ्या चौकटी नव्याने भरायच्या. मग चालू व्हायचे. श्रेय मी रीस्टार्टला द्यायचो. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा फोन.

वर सरकणारी अक्षरे वाचा

फाइलझिलाच्या माथ्यावर जी अक्षरे सरकत असतात, त्यात सगळा निकाल लिहिलेला असतो. ती कोणी वाचत नाही. मीही दोन पावसाळे वाचली नव्हती. शेवटी ताईला म्हटले, ती सगळी अक्षरे निवडून मला मेलने पाठव.

एफटीपीत दोन संगणक एका दमात करार करत नाहीत. एकेक गोष्ट विचारून पक्की करतात. सर्व्हर, इथे आमची पेटी, आधी २२० म्हणतो, म्हणजे 'मी तयार आहे'. क्लायंट, इथे ताईचा फाइलझिला, विचारतो, गुप्त वाहिनीवर बोलायचे का? सर्व्हर २३४ म्हणाला तर हो. मग नाव, त्यावर ३३१, म्हणजे 'आता पासवर्ड'. २३० आले की आत प्रवेश. इथपर्यंत सगळे ठीक दिसते म्हणून आपण समजतो की जुळले. खरे तर अजून निम्मे ठरायचे असते: नावे कोणत्या लिपी-संकेतात, फाइल मजकूर म्हणून पाठवायची की जशीच्या तशी, आणि ती कोणत्या दाराने. बोलणे चालते ते २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर, पण फाइल त्या वाटेने जात नाही. फाइलीसाठी, आणि फाइलींच्या यादीसाठीसुद्धा, दुसरी जोडणी उघडावी लागते. ती कोणी कोणाकडे उघडायची हा या बोलण्यातला सर्वांत नाजूक मुद्दा.

जुन्या रीतीत क्लायंट स्वतःचा पत्ता आणि पोर्ट सांगतो आणि सर्व्हर उलट त्याच्याकडे येतो. ही ॲक्टिव्ह रीत. घरातल्या राउटरमागे बसलेल्या संगणकाकडे असे कोणी परके येऊ लागले की राउटर त्याला दारातूनच घालवतो. म्हणून आज बहुतेक ठिकाणी पॅसिव्ह रीत असते: क्लायंट विचारतो 'मी कुठे येऊ?' आणि सर्व्हर २२७ या आकड्याने उत्तर देताना कंसात सहा आकडे सांगतो. ताईच्या लॉगमध्ये, म्हणजे त्या सरकणाऱ्या अक्षरांत, ती ओळ होती. खरे आकडे इथे देत नाही. नमुना म्हणून समजा असे होते: २०३,०,११३,२५,१९५,१४९.

पहिले चार म्हणजे आयपी पत्ता, यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता, २०३.०.११३.२५. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. पाचव्याला २५६ ने गुणायचे आणि सहावा मिळवायचा. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, अधिक १४९, झाले ५००६९. हे गणित पाटीवर जमण्यासारखे आहे आणि एकदा करून बघाच, कारण अर्धे निदान तिथेच होते. पोर्ट बरोबर होते, मी राउटरमध्ये उघडलेल्या ५०००० ते ५०१०० या पट्ट्यातले. मग प्रेसमधल्या पोराला फोन करून म्हटले, ब्राउझरमध्ये आपला बाहेरचा आयपी काय दाखवतो ते वाच. त्याने वाचला तो वेगळाच निघाला.

म्हणजे पेटी ताईला सांगत होती, 'अमुक पत्त्यावर ये', आणि तो पत्ता आमचा उरलाच नव्हता. वीज गेली, राउटर बंद पडला, परत उठला तेव्हा सेवा पुरवणाऱ्याने त्याला नवा पत्ता दिला. साध्या जोडणीत पत्ता कायमचा नसतोच. लॉगिन मात्र होत होते, कारण ताई आकड्याने नव्हे तर नावाने जोडते. राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस लावलेले असल्यामुळे ते नाव मिनिटा-दोन मिनिटांत नव्या पत्त्याकडे वळते. जुना पत्ता पेटीत कोणी कोंबला होता? मी. वर म्हटलेल्या चौकटींतली एक होती 'पॅसिव्हसाठी बाहेरचा पत्ता', आणि दर फेरीत मी तिथे त्या दिवशीचा पत्ता शोधून चिकटवत होतो. रोग आणि औषध दोन्ही माझ्याच हातचे.

पण मुळात तो पत्ता टाकलाच का?

इथे थोडे मागे जावे लागते, कारण तुमच्याकडेही घटनांची ही मालिका अशीच घडलेली असण्याची शक्यता आहे.

सुरुवातीला आमचे एफटीपी उघडे होते, गुप्त वाहिनी नव्हती. तेव्हा पेटी बिनधास्त आपला आतला पत्ता सांगायची, १९२.१६८ ने सुरू होणारा. बाहेरच्याला तो निरुपयोगी. तरी चालायचे, कारण अनेक राउटरांत एफटीपीचे बोलणे चोरून ऐकणारा एक मदतनीस असतो. तो २२७ ची ओळ दिसली की आतला पत्ता खोडून बाहेरचा लिहितो आणि तेवढ्यापुरते ते पोर्टही उघडून देतो. आपल्याला पत्ताच लागत नाही की मध्ये कोणी मजकूर बदलला.

मग मला सुचले की पासवर्ड उघडा जातो हे बरे नव्हे, आणि मी टीएलएस, म्हणजे वर म्हटलेली गुप्त वाहिनी, चालू केले. निर्णय बरोबरच होता. पण आता बोलणे कुलूपबंद झाले आणि मदतनिसाला ऐकू येईना. पत्ता बदलेना, पोर्ट उघडेना. काम ठप्प. तेव्हा मी दोन गोष्टी एकदम केल्या: पोर्टांचा पट्टा राउटरमध्ये कायमचा उघडला आणि बाहेरचा पत्ता पेटीत हाताने लिहिला. पहिली गोष्ट गरजेची होती. दुसरी नव्हती, आणि तिनेच पुढचे दोन पावसाळे खाल्ले. कारण फाइलझिला शहाणा आहे. सर्व्हरने १९२.१६८ चा पत्ता सांगितला तर तो लॉगमध्ये नोंद करतो की हा पत्ता बाहेरून गाठता येणारा नाही, आणि ज्या पत्त्यावर लॉगिन झाले तिथेच जातो. म्हणजे पेटी चुकीचे बोलली असती तर तो सावरून घेणार होता. मी तिला बरोबर वाटेल असे खोटे बोलायला शिकवले. शिळा पत्ता दिसायला अस्सल सार्वजनिक पत्ता, म्हणून फाइलझिलाला शंका येत नाही. तो इमानाने कोणा तिऱ्हाइताच्या दारात जाऊन वीस सेकंद उभा राहतो.

पत्ता बोलण्याच्या आत सांगायची ही खोड एफटीपीला फार आधीपासून आहे आणि त्या काळी ती खोड नव्हती. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा १९७१ च्या एप्रिलमध्ये आला, आरएफसी ११४. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. आरएफसी म्हणजे 'यावर मते कळवा' अशी विनंती. हुकूम नव्हे, मसुदा. वेगवेगळ्या संस्थांतल्या लोकांनी मते कळवत, खोडत, सुधारत तो वाढवला. तेव्हा अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, जी यंत्रे होती त्यांचे एकमेकांशी काही म्हणता काही जुळत नव्हते. पीडीपी-१० या संगणकाचा शब्द ३६ बिटांचा, आयबीएमची अक्षरे एब्सिडिक नावाच्या निराळ्याच संकेतात. म्हणून फाइल पाठवण्याआधी 'अक्षरे समजून घेणार की बिट जसेच्या तसे?' असा प्रश्न विचारावा लागला, आणि तो प्रश्न आजच्या एफटीपीतही शिल्लक आहे. पत्त्याचे मात्र भांडण नव्हते. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता होता, मध्ये राउटरचा पडदा नव्हता. आजही ज्याचा आधार घेतला जातो तो आरएफसी ९५९ ऑक्टोबर १९८५ चा, आणि एका पत्त्यामागे अख्खे ऑफिस लपवण्याची नॅट नावाची युक्ती कागदावर आली १९९४ मध्ये. घराचे दोन भाग झाले, आणि आजोबा मात्र पाहुण्यांना जुन्या दाराचा पत्ता सांगत राहिले.

यावर उतारा १९९८ मध्येच निघाला, आरएफसी २४२८. त्यातल्या विस्तारित पॅसिव्ह रीतीत सर्व्हर पत्ता सांगतच नाही, २२९ या आकड्याने फक्त पोर्ट सांगतो. पत्ता कोणता? जिथे आता बोलतो आहेस तोच. एवढ्याने आमचा घोळ संपला असता. कर्ल हे साधन आधी हीच रीत विचारते, म्हणून माझ्या लॅपटॉपवरून कर्लने तपासले की नेहमी चालायचे आणि मी ताईच्या संगणकाला दोष द्यायचो. फाइलझिला मात्र आयपीव्ही४ च्या, म्हणजे वरच्यासारख्या चार आकडी पत्त्यांच्या, जोडणीवर जुनीच पॅसिव्ह रीत विचारतो.

तुमच्या लॉगमध्ये काय दिसते त्यावरून

२२७ च्या ओळीतला पत्ता १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर सर्व्हर आतला पत्ता सांगतो आहे. फाइलझिला वापरणाऱ्यांचे अडणार नाही, दुसऱ्या एखाद्या क्लायंटचे अडेल. पत्ता सार्वजनिक दिसतो पण आजचा नाही, तर आमचाच रोग. पत्ताही बरोबर, तरी शांतता, तर पॅसिव्ह पोर्टांचा पट्टा राउटरमध्ये किंवा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बंद आहे. सर्व्हरमध्ये लिहिलेला पट्टा आणि राउटरमध्ये उघडलेला पट्टा हे आकडे शेजारी ठेवून ताडून बघा. मी एकदा एका ठिकाणी ५०००० च्या जागी ५००० पाहिले आहे. २२७ च्या जागी ४२५ आले तर बहुधा क्लायंट ॲक्टिव्हवर आहे आणि सर्व्हरला उलट येता येत नाही.

आणि राउटरच्या स्वतःच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला दिसला तर इथेच थांबा. सेवा पुरवणाऱ्यानेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवले आहे, बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. पोर्ट उघडत बसण्यात संध्याकाळ घालवू नका, त्याच्याकडे स्वतंत्र पत्ता मागा.

तपासायला विंडोजची काळ्या खिडकीतली जुनी एफटीपी आज्ञा वापरू नका. तिला पॅसिव्ह रीत येतच नाही, त्यामुळे ती सगळीकडे बिघाडच दाखवेल. तिचा दुसरा अवगुण त्याहून वाईट: ती न सांगता मजकूर-रीतीत सुरू होते, कारण नियमाप्रमाणे एफटीपीची ठरलेली रीत तीच आहे. एका गिऱ्हाइकाच्या पीडीएफ प्रेसमध्ये उघडत नव्हत्या आणि दर फाइल मूळ फाइलीपेक्षा थोडी लहान भरत होती. त्यांच्याकडे कोणी तरी वर्षांपूर्वी त्या आज्ञेची बॅच फाइल लिहून ठेवली होती. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात, लिनक्सवर एक. मजकूर म्हणून फाइल स्वीकारणारा लिनक्स सर्व्हर प्रत्येक जोडीतले एक चिन्ह खातो. कवितेला ते चालते, पीडीएफ, फाँट आणि झिप मरतात. बॅच फाइलमध्ये 'बायनरी' ही एक ओळ टाकली आणि प्रश्न मिटला. पाठवलेली आणि पोचलेली फाइल बाइटपर्यंत सारखी आहे का, एवढे बघायची सवय लावा.

मराठी नावांचा घोळही याच जातीचा. सर्व्हरला 'तुला काय काय येते?' असे विचारले की तो यादी देतो, तीत यूटीएफ-८ हा लिपी-संकेत असेल तर देवनागरी नावे नीट जातात. नसेल तर एका अक्षरचिन्हाचे तीन बाइट तीन परकी चिन्हे होऊन समोर येतात. 'पत्रिका' या शब्दात जोडाक्षर आणि मात्रा धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइटांची गिचमिड. गिचमिड दिसली तर घाबरू नका, बाइट शाबूत आहेत, क्लायंटमध्ये यूटीएफ-८ सक्तीचे करा, नावे परत येतील. प्रश्नचिन्हे दिसली तर नाव गेले. या घोळामुळे ताईला मी मागे फाइलींची नावे इंग्रजी अक्षरांत ठेवायला सांगितले होते. तिला ते आवडले नव्हते, आणि तिचे बरोबर होते.

आम्ही काय केले

त्या दिवशीचा इलाज दोन मिनिटांचा: पेटीतली 'बाहेरचा पत्ता' ही चौकट रिकामी केली. साखळीहून लगेच यादी आली. ज्यांचा सर्व्हर त्या चौकटीत आकड्याऐवजी नाव घेतो, त्यांनी डायनॅमिक डीएनएसचे नाव टाकले तरी चालेल, पण तो नाव पुन्हा केव्हा शोधतो हे बघा. काही सर्व्हर फक्त सुरू होताना शोधतात, आणि पेटीला इन्व्हर्टर असून राउटरला नसेल तर पुन्हा तोच शिळा पत्ता. राउटरमध्ये पेटीचा आतला पत्ताही बांधून टाकला, नाही तर उघडलेली पोर्टे एखाद्या दिवशी हिशेबाच्या संगणकाकडे जायची.

पण मला दोन जोडण्यांचे हे लचांडच नको होते. पेटीला एसएफटीपी येत होते, म्हणून तिकडे गेलो. नाव सारखे, कूळ वेगळे. हे एसएसएच या दूरच्या यंत्राशी गुप्तपणे बोलण्याच्या पद्धतीच्या पोटातून चालते, सगळे काही २२ क्रमांकाच्या एकाच पोर्टवरून: बोलणे, यादी, फाइल. दुसरे दार नाही, त्यामुळे पत्ता सांगण्याचा प्रसंगच येत नाही. आणि जुळवून घेण्याची तऱ्हाही मला जास्त पटते. एफटीपीसारखे एकेक विचारत बसण्याऐवजी दोन्ही बाजू सुरुवातीलाच आपापल्या कुलपांच्या याद्या पसंतीच्या क्रमाने टेबलावर ठेवतात. क्लायंटच्या यादीत वरून पहिले असे जे सर्व्हरकडेही आहे, ते ठरते. प्रेसमधले विंडोज शेअरिंगही यादीवरच जुळते. तिथे तर आवृत्त्यांना चक्क 'बोली' म्हणतात. क्लायंट येणाऱ्या बोली सांगतो आणि सर्व्हर त्यांतली सर्वांत नवी निवडतो. कोकणी-मराठीच्या वादात वाढलेल्या माणसाला हा शब्द पाहून हसू आले.

यादीत एकही समान नाव नसेल तर एसएसएच तिथेच थांबते, आणि समोरच्याने काय देऊ केले तेही सांगते. जुन्या पेट्यांशी नव्या विंडोज किंवा लिनक्सवरून आज्ञेने जोडताना 'जुळणारी यजमान-किल्ली नाही, त्यांचा प्रस्ताव एसएसएच-आरएसए' अशा अर्थाची तक्रार येते ती यामुळेच. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रामने सप्टेंबर २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून ती जुनी सही मूळ यादीतून काढली. नव्याला जुने मान्य करायला लावण्याची एक ओळ असते, ती शोधून कायमची लिहून ठेवू नका. पेटीचे फर्मवेअर अद्ययावत करा.

प्रेसमधला एक जुना स्कॅनर फक्त साधे एफटीपी जाणतो. त्याला आतल्या आत ते चालू ठेवले आहे. राउटरवरचे २१ आणि ५०००० ते ५०१०० हे सगळे बंद केले.

साखळीला बदल एवढाच: फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये प्रोटोकॉलच्या जागी एसएफटीपी, पोर्ट २२, नाव-पासवर्ड तेच. पहिल्याच जोडणीला त्याने विचारले, या सर्व्हरचा ठसा (त्याच्या किल्लीची ओळखखूण) असा आहे, विश्वास ठेवू का? इथे 'हो' दाबून मोकळे व्हायची सगळ्यांना घाई असते. मी पेटीच्या पानावरून तो ठसा कागदावर उतरवून घेतला होता. ताईने फोनवर एकेक अक्षर वाचले, मोठे-छोटे सांगत, मी कागदावर खुणा करत गेलो. मधे एकदा वीज गेली, इन्व्हर्टरने पेटी तगली. राउटर परत उठून नाव नव्या पत्त्याकडे वळेपर्यंत आम्ही दोघे फोनवर गप्पा मारत थांबलो, आणि मग पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचले.